पेडर रोड: एका चढणीवरची घरं आणि माणसं

कंबालाकर

मुंबईत श्रीमंतांच्या रस्त्यांना तोटा नाही. पण मराठी घरात असा रस्ता म्हटलं की पहिलं नाव निघतं पेडर रोडचं, आणि तेही प्रभुकुंजमुळे. गावाहून पाहुणे आले की टॅक्सीवाला न विचारता बोट दाखवायचा, 'वो लताजी का घर'. पाहुणे माना वळवून बघायचे. बघायला तसं काही नसायचं. रस्त्याला लागून असलेली साधी जुनी इमारत, गच्च भरलेल्या वाहतुकीच्या आवाजात उभी. त्याच रस्त्यावर त्या घराच्या पलीकडे केवढं काय आहे, हे सांगायला हा धागा काढतोय. ज्यांचं बालपण तिथे किंवा आसपास गेलंय त्यांनी भर घालावी.

आधी जागा समजून घेऊ. दक्षिणेकडे केम्प्स कॉर्नरच्या पुलापाशी रस्ता सुरू होतो, कंबाला हिलच्या अंगाने चढतो आणि जसलोक इस्पितळावरून महालक्ष्मी-हाजी अलीकडे उतरतो. समुद्राच्या बाजूला, खाली, वॉर्डन रोड. टेकडीच्या वरच्या अंगाला ऑल्टामाउंट आणि कारमायकल. पैसेवाल्यांची वस्ती म्हणायची तर हे चारही रस्ते मिळून एकच पट्टा आहे.

अठराव्या शतकात ही टेकडी म्हणजे बेटाचं टोक होतं. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधून भरतीचं पाणी आत शिरायचं. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात तिथे बांध घातला गेला, तो १७८४च्या सुमारास पुरा झाला. बांध वारंवार ढासळायचा, मग रामजी शिवजी प्रभू नावाच्या इंजिनियरच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढल्यावर बांध टिकला, ही आख्यायिका आपल्यातल्या बहुतेकांनी आजीकडून ऐकलेली असते. आजचं महालक्ष्मी मंदिर १८३१ सालचं, धाकजी दादाजी या व्यापाऱ्याने बांधलेलं.

बंगल्यांचा काळ त्यानंतरचा. किल्ल्यातली गर्दी, १८६०च्या दशकात तटबंदी पाडली गेली ते, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसात आलेला पैसा. पारशी, खोजा, बोहरा, भाटिया शेठ टेकड्यांकडे सरकले. पुढे गव्हर्नरसाहेबही परळ सोडून मलबार पॉइंटला राहायला गेले, तेव्हा सगळ्या भागालाच भाव आला. पेडरसाहेब म्हणजे डब्ल्यू. जी. पेडर, १८७९ साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. रस्त्याचं सरकारी नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग. ते नाव पाटीवर आणि पाकिटावर असतं, बोलण्यात कधीच नाही.

त्या जुन्या बंगल्यांपैकी रस्त्यावर दिमाखात उरलेला एकच मला ठाऊक आहे, सरकारी माहितीपट काढणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारातला गुलशन महल. खलकदिना या खोजा कुटुंबाचा. तिथे आता भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, २०१९च्या जानेवारीत उद्घाटन झालं. चढण चढून आत गेलात की बाहेरचा हॉर्नचा कल्लोळ एकदम कमी होतो आणि मग कळतं की शेठ लोक इथे का आले असतील.

बाकी हळूहळू लिहितो.

गिरगावातला

मस्त धागा. आमच्या वाडीतून केम्प्स कॉर्नर म्हणजे चालत काही मिनिटं, पण मधे एक अदृश्य सीमारेषा होती. आई म्हणायची, 'तिकडे फिरायला जा, पण तहान लागली तर परत ये, तिकडे पाणी कोणी विचारणार नाही.'

गोपाळराव देशमुख म्हणजे लोकहितवादीच ना? शतपत्रांवाले? चांगलं आहे की, निदान एका तरी शेठजींच्या रस्त्यावर समाजसुधारकाचं नाव लागलं.

वकीलीणबाई

गिरगावातला, हा गोंधळ फार जुना आहे आणि जवळजवळ सगळेच तो करतात. लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरी देशमुख, १८२३ ते १८९२. न्यायखात्यात होते, डॉक्टर नव्हते. पाटीवर 'डॉ.' आहे ते नीट वाचा. हे डॉ. गोपाळ विनायक देशमुख. मुंबईतले नामवंत सर्जन आणि दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद.

आता जरा ऐसपैस लिहिते, कारण या माणसाबद्दल कुठेच बोललं जात नाही आणि मला त्याची चीड येते.

१९३७ साली हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा झाला. आम्ही कोर्टात त्याला 'देशमुख अ‍ॅक्ट' म्हणूनच ओळखतो, कारण विधेयक यांनी मांडलेलं होतं. त्याआधी काय होतं? एकत्र कुटुंबात नवरा गेला की त्याचा वाटा दीर-सासऱ्यांच्या वाट्यात मिसळून जायचा. विधवेला पोटगी, म्हणजे अन्न, वस्त्र आणि घरातली एक खोली. घर तिच्या नवऱ्याच्या पैशाने बांधलेलं असलं तरी तिला त्यात मालक म्हणून उभं राहता यायचं नाही. या कायद्याने पहिल्यांदा तिला मुलाएवढा वाटा दिला आणि वाटणी मागायचा हक्क दिला.

डॉक्टरांना याहून पुष्कळ जास्त हवं होतं. मूळ विधेयकात मुलीलाही वाटा होता. कायदेमंडळातल्या सनातन्यांनी आणि सरकारच्या सावधपणाने ते छाटलं, मुलगी बाहेर गेली. विधवेला मिळालं तेही 'मर्यादित स्वामित्व'. ती हयात असेपर्यंत उपभोग घ्यायचा, विकायचं म्हटलं तर अडचण, आणि तिच्यामागे मालमत्ता पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे. शेतजमीन तर प्रांतांच्या अखत्यारीतली, म्हणून फेडरल कोर्टाने १९४१ साली सांगितलं की तिला हा कायदा लागूच नाही. म्हणजे खेड्यातल्या विधवेच्या हाती काही लागलं नाही, फायदा झाला तो शहरातल्या घरादाराच्या बाबतीत. मर्यादित हक्काचा पूर्ण हक्क व्हायला १९५६चा वारसा कायदा, त्यातलं कलम १४ यावं लागलं. आणि मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा वाटा मिळाला तो देशभर २००५ साली.

आता कल्पना करा, या रस्त्यावरच्या एकेका फ्लॅटच्या वारसाहक्कावर वर्षानुवर्षं दावे चालतात. सुना, नणंदा, जावा, सगळ्यांचे वकील वेगळे. आणि बाहेर पाटीवर नाव आहे ते विधवेला घराची वाटेकरी करणाऱ्या माणसाचं. अशिलाला मी मुद्दाम सांगते, 'तुमच्या पत्त्यातच तुमचा कायदा आहे.' बहुतेकांना वाटतं मी विनोद करतेय.

टिपटॉप

बापरे, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा होता. वाचनखूण साठवली आहे.

सिमेंट_रेती

बांधकामातला माणूस असल्याने माझी भर इमारतींबद्दल.

बंगले का गेले याचं उत्तर नुसतं 'बिल्डरांचा लोभ' असं देऊन चालणार नाही. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीला गोठवली. मग भाड्याने द्यायला इमारत कोण बांधणार? ज्यांच्या होत्या त्यांनी दुरुस्तीवर खर्च करणं सोडलं. नवीन बांधायचं तर विकायलाच, म्हणून 'ओनरशिप फ्लॅट' हा प्रकार जोरात आला आणि त्यातली फसवाफसवी एवढी वाढली की १९६३ साली महाराष्ट्राला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. दुसरीकडे बंगल्याचे वारस तीन-चार, भाऊ परदेशात, बहीण भांडलेली. बंगल्याचे तुकडे करता येत नाहीत, फ्लॅटचे करता येतात. पेडर रोडचा अर्धा इतिहास या एका वाक्यात बसतो.

या रस्त्यावर वास्तुकला म्हणून बघण्याजोगी इमारत एकच, कांचनजंगा. चार्ल्स कोरियांची, १९८३ साली पूर्ण झाली. २८ मजले आणि फ्लॅट फक्त ३२. मुंबईत घराचं तोंड पश्चिमेला हवं, कारण समुद्र तिकडे आणि वारा तिकडून. पण पावसाचा मारा आणि दुपारचं ऊनही तिकडूनच. जुन्या बंगल्यात यावर उपाय होता, भोवताली फिरणारा व्हरांडा. ऊन-पाऊस व्हरांडा झेलायचा, माणूस आत कोरडा. कोरियांनी तोच व्हरांडा उभा केला आणि इमारतीच्या कोपऱ्यांत दोन-दोन मजले उंच गच्च्या कापल्या. खालून बघितलं तर चौकोनी ठोकळ्याचे कोपरे कुरतडल्यासारखे दिसतात. नंतरच्या काचेच्या टॉवरांनी यातलं काहीच घेतलं नाही. दिवसभर पडदे ओढायचे आणि एसी लावायचा.

आणि ही गंमत बघा. केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल देशातला पहिला, १९६५ सालचा, शिरीष पटेलांनी डिझाइन केलेला. त्याच सुमारास पटेल, कोरिया आणि प्रवीणा मेहता या तिघांनी मांडलं की खाडीपलीकडे नवी मुंबई वसवा, या दक्षिण टोकावर आणखी गर्दी नको. त्या तिघांतल्या एकाचा पूल या रस्त्याच्या पायथ्याशी आणि दुसऱ्याचा टॉवर याच चढणीवर! शहर दुसरीकडे न्या म्हणणाऱ्यांची हातची कामं इथेच उभी आहेत.

कंबालाकर

सिमेंट_रेती, कांचनजंगाबद्दल अगदी सहमत. केम्प्स कॉर्नर हे नाव केम्प अँड कंपनी या औषधवाल्यांच्या दुकानावरून आलंय. दुकान कधीच गेलं, कोपरा राहिला.

आता माणसांकडे वळू. वरच्या अंगाला, ऑल्टामाउंट रोडवर, 'द केर्न' या घरात जेआरडी टाटा राहायचे. धीरूभाई अंबानी भुलेश्वरच्या चाळीतून साठच्या दशकाअखेरीस याच टेकडीवर आले, उषाकिरण इमारतीत. २५ मजली उषाकिरण त्या वेळी देशातल्या सर्वांत उंच रहिवासी इमारतींपैकी होती, लोक मान वर करून बघायचे. तिथून थोड्याच अंतरावर मुलाने २०१०मध्ये अँटिलिया उभी केली. २७ मजले, उंची १७३ मीटर. ती जमीन आधी करीमभॉय इब्राहिम खोजा यतीमखान्याच्या, म्हणजे अनाथाश्रमाच्या, ट्रस्टची. २००२ साली सुमारे २१ कोटींना व्यवहार झाला, वक्फ मंडळाने हरकत घेतली आणि कोर्टकज्जा लांबला. टेकडीवरच्या बहुतेक मोठ्या घरांच्या पायाशी एखादा ट्रस्ट, एखादा संस्थानिक किंवा एखादा वकिलात-बंगला सापडतो. ऑल्टामाउंटवरचं वॉशिंग्टन हाऊस अमेरिकन वकिलातीचं होतं, ते २०१२ साली लोढांनी ३४० कोटींच्या वर रक्कम मोजून घेतलं आणि तिथे टॉवर झाला. खाली वॉर्डन रोडवरचं लिंकन हाऊस मूळचा वांकानेरच्या महाराजांचा वाडा. २०१५ साली ७५० कोटींना पूनावालांनी घ्यायचं जाहीर झालं आणि व्यवहार जमिनीच्या मालकीच्या वादात अडकला.

मराठी माणूस या यादीत कुठे आहे असं कोणी विचारायच्या आत सांगतो, कारमायकल रोडचं सरकारी नाव म. ल. डहाणूकर मार्ग. श्रीरामपूरजवळचं टिळकनगर ज्यांच्या साखर कारखान्यामुळे उभं राहिलं ते डहाणूकर.

गिरगावातला

म्हणजे नावं आपली आणि सातबारा त्यांचा. चालू द्या.

खवचट_काका

गिरगावातला, टेकडीवर सातबारा नसतो हो, प्रॉपर्टी कार्ड असतं. जळायचं तर नीट कागदावर जळा.

रीळवाला

फिल्म्स डिव्हिजनचा उल्लेख वाचून राहवलं नाही. १९४८ची स्थापना. ज्यांनी सिंगल स्क्रीनमध्ये सिनेमे बघितले त्यांना आठवत असेल, मुख्य चित्रपटाआधी काळ्यापांढऱ्या पडद्यावर समाचारचित्र यायचं. कुठे पूर, कुठे धरणाचं उद्घाटन, कुठे क्रिकेटचा सामना, आणि तो खर्जातला आवाज. थिएटरवाल्यांना ते दाखवणं सक्तीचं होतं. प्रेक्षक तेवढ्या वेळात सामोसे घेऊन यायचे. पण पुढे टीव्ही आला, आणि आज त्या काळाची हलती चित्रं बघायची तर याच पेडर रोडच्या आवारातून निघालेली रिळं शोधावी लागतात. गांधीजींच्या पिढीनंतरचा सगळा देश त्यांत आहे. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन केली.

माझे एक मामा तिथल्या कॅमेरा विभागात होते. अँगल लावायच्या आधी ते अंगठा आणि तर्जनी जुळवून चौकट करायचे, घरी जेवताना ताटावरसुद्धा. मामी म्हणायची, 'आमटी पळत नाहीये, जेवा.'

मीनल_ठाणे

जसलोकबद्दल कोणीच लिहिलं नाही. जसोतीबाई आणि लोकूमल या चनराय दांपत्याच्या नावांवरून जसलोक. सर्जन डॉ. शांतिलाल मेहता आणि शेठ लोकूमल यांनी उभारलेलं, आणि ६ जुलै १९७३ रोजी उद्घाटन केलं इंदिरा गांधींनी. दोनच वर्षांनी आणीबाणीत तुरुंगात मूत्रपिंडं निकामी झालेले जयप्रकाश नारायण सुटल्यावर कुठे आले? जसलोकमध्ये. पुढे कायम डायलिसिस.

मार्च १९७९मधली ती भयंकर गोष्ट तर माहीत असेलच. जेपी जसलोकमध्ये अत्यवस्थ होते आणि दिल्लीत लोकसभेत ते गेल्याचं पंतप्रधान मोरारजींनी सांगून टाकलं. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, कामकाज तहकूब झालं, आकाशवाणीवर बातमी गेली. इकडे पेडर रोडवर माणूस जिवंत! बाबा तेव्हा ऑफिसातून निघून जसलोकच्या फाटकाशी गेले होते. रस्त्यावर माणूसच माणूस, काही जण रडत होते, काही जण आत खबर काढायला धडपडत होते, आणि कोणीतरी बाहेर येऊन सांगितलं, 'आहेत, आहेत.' बाबा सांगायचे, त्या दिवशी बसवाल्यांनी सुद्धा गाड्या हळू केल्या होत्या. जेपींचं निधन झालं ते त्यानंतर ऑक्टोबरात, पाटण्याला.

धावपटू_दादर

तुमचा इतिहास वगैरे ठीक आहे, पण आम्हा पळणाऱ्यांसाठी पेडर रोड म्हणजे शिक्षा आहे. मुंबई मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर ३५ किलोमीटरनंतर ही चढण समोर येते. एरवी टॅक्सीत बसून कळतही नाही की इथे चढ आहे. तेव्हा मात्र पोटऱ्या इंच-इंच मोजून देतात. एक मात्र सांगतो, त्या दिवशी फाटकं उघडी असतात. साड्यांतल्या आज्या, नाइटीतल्या काकू, वॉचमन, ड्रायव्हर, सगळे फुटपाथवर. कोणी संत्र्याच्या फोडी देतं, कोणी मीठ, कोणी चिक्की. एका बाईंनी माझ्या गुडघ्यावर स्प्रे मारला आणि गुजरातीत दम दिला की आता थांबायचं नाही. गिरगावातल्या दादा, आईंना सांगा, वर्षातून एक दिवस पाणी विचारतात.

टोपीवाला_वाडी

मणिभवन राहिलं की! गांधीजी १९१७ ते १९३४ मुंबईत आले की तिथेच उतरायचे.

खवचट_काका

मणिभवन गावदेवीत आहे, लॅबर्नम रोडवर. धागा टेकडीवरचा आहे, पायथ्याचा नाही. उद्या कोणी चोरबाजार आणेल.

कंबालाकर

काका, पायथा चालेल. कारण खालचा वॉर्डन रोड सोडून चालणारच नाही. आझाद हिंद सेनेच्या खटल्यात लाल किल्ल्यात बचाव करणारे भुलाभाई देसाई, त्यांचा बंगला तिथे होता. १९४६ साली ते गेले आणि पुढे त्या वास्तूत भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट सुरू झालं. पन्नास-साठच्या दशकांत एकाच आवारात हुसेन आणि गायतोंडे चित्रं काढतायत, रविशंकर सतार शिकवतायत, अल्काझी नाटक बसवतायत. गायतोंडे आपले गिरगावच्या चाळीतले, हे गिरगावातल्यांच्या समाधानासाठी. जागेचा भाव बघता हे टिकणार नव्हतंच. वास्तू पडली आणि आकाशगंगा नावाची इमारत आली. मला विचाराल तर या पट्ट्याने गमावलेल्या सगळ्या बंगल्यांत हा एकच खरा तोटा. बाकीच्यांत फक्त झुंबरं होती.

जुनीवही

आता प्रभुकुंजचं बोला ना कोणीतरी. सगळे भोवती फिरताय.

सुरेल_आळशी

मी बोलतो. १९६०च्या सुमारास मंगेशकर कुटुंब तिथे आलं. मधल्या दाराने जोडलेले फ्लॅट, एका बाजूला लताबाई, शेजारी आशाबाई. त्यावर किती अफवा उठल्या आणि किती मासिकांचे अंक खपले याची गणती नको. मला मोठी गोष्ट वाटते ती वेगळी. वडील गेल्यावर १३ वर्षांची मुलगी घर चालवायला कामाला लागते आणि त्या कमाईतून पुढे सगळी भावंडं पेडर रोडवर एका छपराखाली येतात. बंगला वारशाने मिळालेले लोक त्या रस्त्यावर ढिगाने होते, गळ्यावर घर घेतलेले किती?

आता वादाचा भाग. २०००च्या आसपास पेडर रोडवर उड्डाणपुलाचा प्रस्ताव आला. मंगेशकर भगिनींनी विरोध केला, मुंबई सोडून जाऊ असंही म्हटलं. त्यावरून केवढी टीका झाली! लाखो लोक ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि दोन गायिकांच्या खिडकीपुढे पूल नको म्हणून शहर थांबायचं का, असा सूर होता. मीही तेव्हा रोज त्याच रस्त्याने बसने जायचो, माझाही सूर तोच होता.

सिमेंट_रेती

त्या दोघींच्या नावावर उगाच खापर फुटलं. रहिवाशांच्या संघटना आधीपासून विरोधात होत्या आणि त्यांच्याकडे पैसा, वकील, ओळखी सगळं होतं. शिवाय रस्ता अरुंद, दोन्हीकडे जुन्या इमारती, मधे इस्पितळ, खाली जुन्या वाहिन्या. परवानग्या, पर्यावरण, राजकीय पक्षांची बदलती मतं, यात दहा-पंधरा वर्षं गेली. मोठ्या नावांमुळे बातमी झाली, पूल इतर कारणांनीही अडला.

आणि आता प्रश्नच संपला आहे. मार्च २०२४पासून सागरी किनारा रस्ता टप्प्याटप्प्याने सुरू झाला. मलबार हिलच्या पोटातून दोन किलोमीटरचे जुळे बोगदे काढून गाड्या प्रियदर्शिनी पार्कपाशी बाहेर पडतात आणि पेडर रोडला हात न लावता वरळी गाठतात.

वकीलीणबाई

पण बस नाही ना त्या रस्त्यावर सगळ्यांच्या सोयीची. ज्याच्याकडे गाडी त्याची वाट मोकळी झाली. जसलोकला रक्ताची बाटली घेऊन जाणारा नातेवाईक अजूनही केम्प्स कॉर्नरलाच उतरून चढ चढतो.

जुनीवही

६ फेब्रुवारी २०२२. ब्रीच कँडी इस्पितळातून लताबाईंचं पार्थिव आधी प्रभुकुंजला आणलं आणि मग शिवाजी पार्कला नेलं. आम्ही टीव्हीवर बघत होतो. पेडर रोड पूर्ण बंद, दोन्हीकडे माणसं. शेजारच्या काकांनी विचारलं, 'हा कुठला रस्ता?' त्यांचं आयुष्य मुंबईत गेलंय.

टिपटॉप

संग्रहालयाला जायचंय. चढणीला पार्किंग मिळतं का? सोमवारी बंद असतं म्हणे.

रीळवाला

पार्किंगच्या भानगडीत पडू नका. ग्रँट रोड स्टेशनला उतरा आणि टॅक्सी करा. हो, सोमवारी सुट्टी. गुलशन महलमध्ये मूकपटांचा भाग आधी बघा, काचेच्या नव्या इमारतीत नंतर जा. उलटं केलंत तर दमून जाल आणि जुनी रिळं घाईत उरकाल.

कंबालाकर

आणि जाताना डावी-उजवीकडे बघा, कांचनजंगा चुकवू नका. पुढचा धागा ऑल्टामाउंटवर काढतोय. ज्यांच्याकडे जुन्या बंगल्यांचे फोटो आहेत त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पण घरातल्या माणसांची परवानगी घेऊनच. वकीलीणबाई इथेच आहेत हे लक्षात असू द्या.